पांढऱ्या टोकाची टाचणी

मस्कतच्या अल् खुवैरमध्ये पायी चालणारी बाई दिसली की काहीतरी बिघडलंय असंच लोक धरून चालतात. तिथे कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायचं तरी माणूस गाडी काढतो. सुलोचना ओव्हाळ मात्र संध्याकाळी फुटपाथवरून चालायची, तीही मान खाली घालून, हिरवळीला पाणी सोडणाऱ्या नळ्या कुठे गळतात ते बघत. गोष्ट १९९३ सालची. समोरच्या इमारतीतल्या एका मल्याळी बाईंना वाटलं, हिचं कानातलं पडलं असणार. त्या बिचाऱ्या खाली उतरल्या आणि हिच्याबरोबर वाकून शोधायला लागल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "सोने का था क्या?" खरं सांगायची सुलोचनाला लाज वाटली. "नहीं, नकली था," ती म्हणाली, आणि दोघी आपापल्या घरी गेल्या.

ती शोधत होती टाचण्या. कागदाला लावतात त्या नव्हेत, पाण्याकाठच्या. चतुर सगळ्यांना ठाऊक असतो. पाण्यावर भिरभिरतो आणि बसला की पंख पसरून बसतो. टाचणी ही त्याची बारीक बहीण. काडीएवढं अंग, उडणं अगदी गवताच्या उंचीवर, आणि बसली की दोन्ही पंख पाठीवर मिटून घेते, पदर सावरून बसावं तशी. हजारात एखाद्याचंच तिच्याकडे लक्ष जातं. सुलोचनाचं गेलं आणि मग ते काही परत आलं नाही.

ती खडकीची. वडील दारूगोळा कारखान्यात कामगार, घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली तीच पहिली. झूलॉजीत एम.एस्सी. केलं आणि पीएच.डी.ला नाव घातलं तेव्हा वस्तीत पेढे वाटले गेले. कशावर संशोधन आहे ते मात्र तिच्या आईने कुणाला नीट सांगितलं नाही, कारण तिला ते सांगण्यासारखं वाटत नव्हतं. पाषाणच्या तलावाच्या कुठल्या काठाला कुठली टाचणी असते, कुठल्या महिन्यात येते आणि किती लांबवर पसरते, हा विषय. सुलोचना म्हणायची, प्राणी काय आहे ते पुस्तकात मिळतं, तो कुठे आहे आणि कुठे नाही ते पायांनीच शोधावं लागतं. मिळालेल्या टाचण्या ती औषधाच्या बाटलीत मारून कागदाच्या पाकिटात ठेवायची. आईला ते बघवायचं नाही. "सकाळी पंचशील म्हणतेस आणि दुपारी जीव मारतेस," ती म्हणायची. यावर सुलोचनाकडे उत्तर असायचं, पण आईच्या तोंडावर ते कधी तिच्याने बोलवलं नाही.

लग्न झालं ते भीमरावांशी. सिव्हिल इंजिनियर, शांत माणूस, बायकोच्या शिक्षणाचा खराखुरा अभिमान असलेला. १९९२ साली त्यांना मस्कतच्या एका कंपनीत नोकरी लागली. श्वेता तेव्हा दोन वर्षांची होती आणि सुलोचनाचं काम निम्म्यावर आलं होतं. "दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे, सुलू," भीमराव म्हणाले. "मग परत येऊ आणि तू पूर्ण कर." आखातात गेलेला प्रत्येक माणूस दोन वर्षांसाठीच गेलेला असतो. भीमरावांनी खोटं सांगितलं नव्हतं. त्यांनाही ते खरंच वाटत होतं.

मस्कतला पोचल्यावर पहिले कित्येक महिने तिने फ्लॅटच्या खिडकीतून फक्त तपकिरी डोंगर पाहिले. एवढ्या रुक्ष जागी टाचणी असूच शकत नाही, असं तिने स्वतःला समजावून टाकलं. मग एक दिवस गळक्या नळीपाशी साचलेल्या पाण्यावर एक निळ्या शेपटीची तिला दिसली, आणि सुलोचनाला पुन्हा चालायला पाय फुटले. तेच ते कानातलं शोधणं. पण रस्त्याकडेला दिसायची ती निळीच. बाकीचं सगळं डोंगरात होतं. तिथे वाद्यांमधून, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या ओढ्यांमधून, कुठे कुठे बारमाही पाणी असतं असं लोक सांगायचे. तिथे जायला गाडी लागायची. गाडी भीमरावांची होती आणि भीमरावांना सुट्टी शुक्रवारची होती, आणि शुक्रवारी बाजार, नातलगांचे फोन, दुपारची झोप आणि कुणाच्या तरी मुलाचा वाढदिवस असायचा.

१९९४च्या जानेवारीत खडकीला आई गेली. विमान मिळून सुलोचना पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

त्या वर्षीची बुद्धपौर्णिमा आठवड्याच्या मध्येच येऊन गेली, पण मस्कतमध्ये सगळे सण शुक्रवारीच होतात. आपल्या मंडळींपैकी सात-आठ घरं मिळून पहाटेच निघाली. दिवस वर आला की मे महिन्यात तिथे उभं राहवत नाही. निझवाच्या रस्त्याने फंजा ओलांडून आत वळलं की वादी घाफ नावाची जागा लागते. डोंगराच्या कुशीत खजुराची बाग, चारदोन घरं आणि त्यांच्या खाली एक हिरवागार डोह. डोहाकाठी मूर्ती ठेवून सगळ्यांनी त्रिशरण-पंचशील घेतलं. बायका पांढऱ्या साड्यांमध्ये होत्या. ‘पाणातिपाता वेरमणी’, म्हणजे जीव मारणार नाही, असं म्हणताना सुलोचनाला आईचा आवाज आठवला आणि तिला पुढचं नीट म्हणता आलं नाही. वंदना झाली, मग पुरुष कोळसे पेटवण्याच्या मागे लागले, पोरं पाण्यात उतरली आणि श्वेता चटईवर झोपून गेली. सुलोचना साडी खोचून डोहाच्या वरच्या अंगाला गेली. तिथे वेतासारखं उंच गवत पाण्यात उतरलेलं होतं.

तिथे ती बसली होती. अंग काळंभोर, छातीवर फिकट निळ्या दोन रेघा, आणि शेपटीचं टोक खडूत बुडवून काढल्यासारखं पांढरं. सुलोचनाने अशी टाचणी पाषाणला पाहिली नव्हती, पुस्तकातही पाहिल्याचं आठवत नव्हतं. हात आपसूक पुढे गेला. मिटलेले पंख दोन बोटांत अलगद धरायचे, हे बोटं विसरली नव्हती. धरली. मग तिने हाक मारली, "अहो, जरा इकडे या ना!"

"आलो, दोन मिनिटं!" भीमराव कोळशाला वारा घालत होते.

"लवकर या!"

"आलो गं, आलो!"

बोटांत ती शेपटी हळूच वाकवत होती. सुलोचनाजवळ बाटली नव्हती, पण पर्समध्ये पाकीट होतं. पाकिटात टाकली असती तर संध्याकाळपर्यंत मेली असती, आणि मग ती कुणालाही दाखवता आली असती. अंगावर वंदनेची पांढरी साडी होती. थोड्याच वेळापूर्वी तोंडाने जे म्हटलं ते अजून ओठांवर होतं, आणि आईला जाऊन चार महिने झाले होते. तिने बोटं उघडली. टाचणी गवतावर बसली, एकदा पंख उघडून मिटले आणि खडकामागे गेली.

भीमराव काजळलेल्या हातांनी आले. "कुठाय?"

"गेली."

"असू दे, परत येईल," ते म्हणाले. ती परत आली नाही.

आता इथे कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? सोडली तर सोडली. सुलोचनालाही पहिले काही दिवस तसंच वाटलं. उलट आईचं एक ऐकलं म्हणून बरं वाटलं. मस्कतमध्ये हौशी निसर्गवाल्यांचं एक लहानसं मंडळ होतं, निरनिराळ्या देशांच्या लोकांचं. कुठला पक्षी, कुठलं फुलपाखरू ओमानमध्ये कुठे आढळतं त्याचे नकाशे ती मंडळी हौसेने तयार करत आणि जिथे जो जीव दिसला तिथे ठिपका देत. सुलोचना तिथे गेली आणि तिने आपली टाचणी सांगितली. एका वयस्कर गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मंडळाचा नियम सांगितला. एक तर पाकिटातला नमुना हवा, नाहीतर त्याच जागी दोन माणसांनी पाहिलेली हवी. आणि दुसऱ्याला आधी वर्णन सांगायचं नाही. सांगितलं की माणसाला तेच दिसायला लागतं.

नियम बरोबर होता. ती स्वतः त्या जागी असती तर तिनेही हाच केला असता. पण घरी येताना तिला पहिल्यांदा लख्ख कळलं की त्या सकाळी ती एकटीच होती, आणि एकटीने पाहिलेलं न पाहिल्यासारखंच असतं. इतक्या माणसांत एकाने जरी वळून बघितलं असतं! पीएच.डी. मागे राहिली होती, पाषाण मागे राहिलं होतं, आईसुद्धा गेली होती. उरली होती ती एवढी एक सकाळ, आणि तिला साक्षीदार नव्हता. त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट हवी होती. आपलं म्हणावं असं कुणीतरी एकदा तिथे तिच्याबरोबर जावं आणि ती टाचणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी.

त्यानंतर वर्णन तिने कुणालाच सांगितलं नाही, भीमरावांनाही नाही. "निदान रंग तरी सांग," ते चिडवायचे. "लाल? हिरवी? ठिपक्यांची?" ती हसून विषय बदलायची.

मग तिने एक चूक केली, आणि ती चूक पाषाणकाठच्या बाईनेच करावी अशी होती. आपल्याकडे पाऊस झाला की पाण्याकाठी जीव मावत नाहीत. भाताच्या खाचरापासून डबक्यापर्यंत टाचण्याच टाचण्या. तेव्हा भीमराव "या शुक्रवारी जाऊ" म्हणाले की तीच म्हणायची, "थांबा, पाऊस होऊ दे, मग नक्की दिसेल." वर्ष गेलं, पाऊस नाही. दुसऱ्या हिवाळ्यात एकदाचा डोंगरावर दणकून पडला. पाणी ओसरून रस्ते उघडल्यावर भीमरावांनी चक्क रजा काढली, श्वेताला शाळा बुडवायला लावली आणि सगळे वादी घाफला गेले. डोह काठोकाठ भरला होता आणि काचेसारखा स्वच्छ होता. काठाला गवताची काडी नव्हती. तिथला पाऊस डोंगरावरून एकदम उतरतो आणि वाटेतलं सगळं खरवडून नेतो. टाचणीची पिल्लं पाण्यातच वाढतात. ती सगळी वाहून गेली होती. सुलोचना डोहाभोवती फिरत राहिली. श्वेता कंटाळून गाडीत जाऊन बसली. भीमराव सावलीत उभे राहून घड्याळ बघत नव्हते, पण बघावंसं त्यांना वाटतंय हे दिसत होतं.

"सुलू," परतीच्या वाटेत ते म्हणाले, "कदाचित तुला भास झाला असेल. त्या वेळी तुझी मनःस्थितीही तशीच होती."

ती मनातून फार दुखावली. चांगल्या माणसाने चांगल्या मनाने म्हटलेलं होतं, म्हणून भांडताही येईना. त्यानंतर वादी घाफचं नाव काढलं की "बघू पुढच्या महिन्यात" असं उत्तर यायचं, आणि पुढच्या महिन्यात भीमरावांचा प्रोजेक्ट कधी सूरला असायचा, कधी सोहारला.

शेवटी तिने ठरवलं, गाडी शिकायची. ओमानमध्ये लायसन्स मिळवणं ही काय चीज आहे ते तिथे राहिलेल्या माणसालाच विचारावं. आधी ड्रमची परीक्षा. लोखंडी पिंपं उभी केलेली असतात, त्यांच्या मधून गाडी उलटी न्यायची, आणि एकाही पिंपाला लागता कामा नये. सुलोचना त्या पिंपांना इतक्या वेळा भिडली की पोलीसही तिला ओळखायला लागले. शिकवायला फरिदा नावाची ओमानी बाई होती. तिचं बालपण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेलं होतं, हिंदी ती सिनेमे बघून शिकली होती, आणि तिला कशाचीही घाई नसायची.

"सिस्टर, ड्रम को मत देखो, शीशे में देखो. यल्ला, पीछे, पीछे... खलास! फिर लग गया."

"मुझसे नहीं होगा, फरिदा."

"होगा, इन्शाल्ला. जाना कहाँ है तुमको?"

सुलोचनाने सांगितलं, एक किडा बघायला जायचंय. फरिदा पोट धरून हसली. मग तिने विचारलं, "मियाँ साथ नहीं जाता?" सुलोचनाने मान हलवली तेव्हा फरिदाचं हसू थांबलं. त्या दिवशी तिने वेळ संपल्यावरही आणखी एक फेरी मारू दिली.

लायसन्स हातात पडलं तेव्हा २००० साल उजाडलं होतं. भीमरावांनी तिला जुनी कोरोला घेऊन दिली आणि मिठाई वाटली. यात मात्र ते कधी मागे नव्हते. श्वेता शाळेत गेली की सुलोचना गाडी काढायची. फंजा, समाईल, नखल, रुस्ताक. जिथे पाणी म्हणून सांगितलं जाई तिथे ती जाई. भिंतीवर तिने ओमानचा मोठा रस्त्यांचा नकाशा लावला आणि त्यावर पेन्सिलीने ठिपके द्यायला लागली. निळी सगळीकडे होती, अगदी गटारांवरसुद्धा. केशरी अंगाची फक्त बागांच्या पाटांवर, जिथे गवत दाट आणि पाणी संथ असेल तिथे. आणखी एक राखाडी होती, ती खळाळत्या पाण्याला चिकटून राहायची आणि खाली मैदानात कधीच उतरायची नाही. हळूहळू नकाशावर तिला डोंगराची उंची दिसायला लागली, गोडं पाणी कुठे संपतं आणि मचूळ कुठे सुरू होतं ते दिसायला लागलं. मंडळाचे लोक तिचे ठिपके आदराने उतरवून घेऊ लागले. ती सुखात होती का? बऱ्यापैकी होती. पण दर वेळी नव्या पाण्यापाशी गाडी थांबली की ती आधी पांढरं टोक शोधायची, आणि निघताना तेच रिकामं वाटायचं.

वादी घाफला तर ती सारखीच जायची. गवत पुन्हा उगवलं होतं. बागेतल्या खुदेजा नावाच्या म्हाताऱ्या बाईशी तिची मैत्री झाली. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती, पण कहवा आणि खजूर यांना भाषा लागत नाही. खुदेजाला वाटायचं, या हिंदी बाईचं काहीतरी पाण्यात हरवलंय. ती रोज पाटावर कपडे धुताना तळाशी नजर टाकायची आणि सुलोचना आली की हात उलटे करून दाखवायची, नाही सापडलं म्हणून. सुलोचनाला दोनदा काळी टाचणी लांबून दिसल्यासारखी वाटली. दोन्ही वेळा जवळ जाईपर्यंत काही नव्हतं. तिने ठिपका दिला नाही.

श्वेताला तिने कितीदा चल म्हटलं. लहानपणी ती येईही. गाडीतला एसी बंद झाला की रडायची. मोठी झाल्यावर तिचं जग वेगळं झालं. शाळेत इंग्रजी, मैत्रिणींशी इंग्रजी, घरी मराठी बोलताना मध्येच अडकायची आणि चिडून खोलीत जायची. "मम्मा, प्लीज," एकदा ती म्हणाली, "तू माझ्या फ्रेंड्सना नको ना सांगूस की तू किडे बघतेस." सुलोचना स्वयंपाकघरात गेली आणि तिने कुकर उगाचच घासला. मुलीचा राग आला नाही. फक्त आपण हिला काही दाखवू शकलो नाही याचं वाईट वाटत राहिलं.

२००७च्या जूनमध्ये गोनू वादळ आलं. मस्कतच्या रस्त्यांवरून गाड्या वाहत गेल्या, कित्येक दिवस नळाला पाणी नव्हतं. रस्ते उघडले तशी सुलोचना निघाली. फंजाच्या पुढे रस्ता जागोजाग तुटला होता. वादी घाफला पोचली तेव्हा तिला जागा ओळखू येईना. घरं उंचावर होती म्हणून वाचली होती. डोह नव्हता. डोहाच्या जागी गाडीएवढाले धोंडे एकावर एक पडले होते आणि मुळासकट उपटलेली खजुराची झाडं त्यांत अडकली होती. खुदेजा तिचा हात धरून म्हणाली, "खलास. माफी माय." पाणी संपलं. सुलोचना तरीही धोंड्यांवर चढली, काठ शोधत. एक दगड पायाखालून सरकला आणि तिचा गुडघा पिरगळला. ऑपरेशन झालं, पण तो पाय पुन्हा पहिल्यासारखा वाकला नाही. गाडी चालवता यायची, जिने चढता यायचे. दगडांवरून उतरणं संपलं.

भिंतीवरचा नकाशा तिने काढून ठेवला. भीमरावांनी विचारलं, "का गं?" तर म्हणाली, "भिंत रंगवायची आहे." भिंत काही रंगवली नाही.

२००९ साली भीमरावांच्या कंपनीचं काम आवरतं घ्यायला लागलं. लांब वाळवंटातल्या दुक्मला जाल का असं त्यांना विचारलं होतं, पण तिथे बायकोला नेता येत नव्हतं, आणि त्यांनी नाही म्हटलं. "झालं, सुलू," ते म्हणाले, "तुझी दोन वर्षं संपली." दोघंही हसले. जूनअखेरीस निघायचं ठरलं. श्वेता पुण्याला कॉलेजात होती, ती सुट्टीला आली होती, सामान बांधायला.

निरोप घ्यायला म्हणून सुलोचना एकदा खुदेजाकडे जाऊन आली. खुदेजाने कहवा दिला आणि मग खाली वादीच्या दिशेने बोट दाखवून सांगितलं, "माय. तहत. श्वैय." खाली आहे पाणी, थोडंसं. धोंड्यांच्या पलीकडे, खालच्या अंगाला नवा झरा फुटला होता. सुलोचना धोंड्यांच्या कडेपर्यंत गेली. खाली घळीत हिरवं काहीतरी दिसत होतं. गुडघा वाकेना. ती तिथूनच परत फिरली आणि गाडीत बसून मोठमोठ्याने रडली. इतकी वर्षं आलं नव्हतं ते रडू तिथे आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना तिने श्वेताला सगळं सांगितलं. पौर्णिमेचं, आजीचं, बोटं उघडली त्याचं, आणि बाबा कोळसे फुंकत होते त्याचं. टाचणी दिसायला कशी, तेवढं मात्र सांगितलं नाही. "तिथे मला उतरता येत नाही," ती म्हणाली. "आपण दहा दिवसांत जाणार. माझ्याशिवाय ती कुणीच पाहिलेली नाही, श्वेता. मला सारखं वाटतं, बाबा म्हणतात तसा भासच असेल. तू एकदा उतरून बघशील?"

श्वेताने कप खाली ठेवला. "मम्मा, तू हे आधी का नाही सांगितलं?"

"तुला किड्यांची लाज वाटायची."

"मी चौदा वर्षांची होते, आई," श्वेता म्हणाली. आई हा शब्द तिने बऱ्याच वर्षांनी वापरला असावा.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दोघी अंधार असतानाच निघाल्या. उजाडलं तेव्हा धोंड्यांच्या कडेला पोचल्या होत्या. श्वेताने बूट घट्ट बांधले आणि हात-पाय टेकत खाली उतरली. दिसेनाशी झाली. सुलोचना वर उभी राहून तिच्या आवाजाची वाट बघू लागली. ऊन डोंगराच्या माथ्यावर आलं होतं, अजून घळीत उतरलं नव्हतं.

"आई! आहे पाणी. छोटंसंच आहे."

"गवत आहे का?"

"आहे. आणि... ब्लूवाली एक आहे!"

"ती नाही. ती सगळीकडे असते. बसून राहा, हलू नकोस."

बराच वेळ गेला. ऊन घळीच्या अर्ध्या भिंतीवर आलं.

"ऑरेंज! ऑरेंज आहे!"

"तीही नाही. बस अजून."

ऊन घळीच्या तळाशी पोचत आलं. सुलोचनाने स्वतःला बजावलं की पोरगी दमली असेल, पाण्याची बाटली वरच राहिली आहे, आता बोलवून घ्यावं. इतक्या वर्षांत जे झालं नाही ते आज का होईल? ती हाक मारणार तोच खालून अगदी हळू आवाज आला.

"आई. एक काळी आहे."

काय विचारायचं नाही ते तिला पाठ होतं. "कशी आहे?" एवढंच ती म्हणाली. "जे दिसतंय ते सांग."

"ब्लॅक आहे. फार बारीक. चेस्टवर दोन लाइन्स आहेत, ब्लू... फिक्या. आणि शेपटीला एंडला पांढरं आहे. टूथपेस्ट लागल्यासारखं."

सुलोचनाने शेजारच्या धोंड्याला धरलं. भास नव्हता तो. ती होती. ती आहे. एक पाय टाकून तिने खाली उतरायचा प्रयत्न केला, गुडघ्यात कळ उठली आणि तिला पाय मागे घ्यावा लागला. आपल्याला ती पुन्हा दिसणार नाही हे तिला कळून चुकलं, आणि तरी तिच्या तोंडून प्रश्न सुटतच होते. "पंख मिटलेत का? कशावर बसलीय? एकटीच आहे की दुसरीही आहे? डोळे कसे आहेत? उडाली का? श्वेता, उडाली का गं?"

"आई, थांब ना," खालून श्वेता म्हणाली. "मला बघू दे."

सुलोचना धोंड्यावर बसली. खालून बराच वेळ काही आवाज आला नाही, आणि तिनेही काही विचारलं नाही.